शेलातली स्पॅनिश: सकाळची आणि दुपारची

शुक्रवार, रात्र

नकाशावर या शहराचे नाव केत्साल्तेनांगो असे असले, तरी बसच्या दारात लोंबकळत गिऱ्हाईक गोळा करणाऱ्या पोऱ्यापासून माझ्या स्पॅनिशच्या शिक्षिकेपर्यंत सगळे त्याला शेलाच म्हणतात आणि आता माझ्याही तोंडी तेच नाव बसले आहे. ग्वाटेमालातील हे दुसऱ्या क्रमांकाचे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३३० मीटर उंचीवर आहे. त्यामुळे उष्ण कटिबंधात असूनही येथे रात्री दोन-दोन पांघरुणे लागतात आणि घर उबदार ठेवण्याची काही सोय सहसा नसते. न्हाणीघरात शॉवरच्या तोंडालाच विजेचा हीटर बसवलेला असतो. नळ सैल सोडला की पाणी गारच येते आणि अगदी बारीक धार ठेवली तरच ते कढत होते. सकाळची अंघोळ म्हणजे या दोन टोकांमधली तडजोड असते.

ज्या कुटुंबात मी राहते तेथे रविवार सोडून तिन्ही वेळचे जेवण मिळते. जेवण झाले की ताटावरून उठणारा माणूस सगळ्यांना उद्देशून 'मुचास ग्रासियास' म्हणजे 'खूप आभार' म्हणतो आणि बाकीचे 'बुएन प्रोवेचो', म्हणजे 'जेवण अंगी लागो', असे उत्तर देतात. स्वयंपाक ज्याने केला त्याचेच आभार मानायचे असे येथे नाही. सोबत बसलेल्या प्रत्येकाचे आभार मानायचे आणि तेही घरातल्या सर्वांत लहान नातवाने चुकवायचे नाही, असा शिरस्ता आहे. घरच्या बाई मला 'उस्तेद' म्हणजे आदराचे 'तुम्ही' म्हणतात, मीही त्यांना 'उस्तेद' म्हणते. अहो-जाहोची सवय असल्यामुळे ते मला मुळीच जड गेले नाही. पुस्तकातील तक्त्यांत मात्र एकेरी 'तू' आणि अनेकांसाठीचे 'वोसोत्रोस' यांची रूपे ऐसपैस मांडलेली आहेत. त्यांपैकी 'वोसोत्रोस' या देशात कोणी वापरत नाही आणि मित्रमैत्रिणींत 'तू'ऐवजी बहुतेक 'वोस' चालते. तेव्हा पाठांतराचा बराच भाग परीक्षेपुरता आहे असे म्हणायला हरकत नाही.

रोज सकाळी पाच तास मी आणि माझी शिक्षिका एका छोट्या टेबलाशी समोरासमोर बसतो. येथील स्पॅनिश शाळांची पद्धतच एका विद्यार्थ्यामागे एक शिक्षक अशी आहे, त्यामुळे मागच्या बाकावर जाऊन अंग चोरायला वाव नसतो. मराठीचा येथे किती आधार होतो, याची मला आधी कल्पना नव्हती. 'मे गुस्ता एल काफे' या वाक्याची घडण 'मला कॉफी आवडते' अशीच आहे. शेजारच्या टेबलावर इंग्रजीतून आलेले विद्यार्थी कर्ता कोठे गेला म्हणून त्याच वाक्याशी झुंजत असतात. भूतकाळाची दोन रूपे त्यांना छळतात, मला ती 'गेले' आणि 'जायचे' यांच्या जोडीने लावता येतात. ज्या रूपाचा सगळे धसका घेतात ते 'क्येरो के वेंगा' तर आपल्या 'तुम्ही यावे अशी माझी इच्छा आहे' यातील 'यावे'च्या शेजारीच राहते. 'सेर' आणि 'एस्तार' या 'असणे' अर्थाच्या दोन क्रियापदांपुढे मात्र मराठीही हात टेकते, कारण दोन्हींसाठी आपल्याकडे एकटे 'आहे' पुरते. तेथे मी इतर सर्वांइतकीच चाचपडते.

दुपारी शाळा सुटल्यानंतर मुलांचा अभ्यास घेणाऱ्या एका केंद्रात मी स्वयंसेवक म्हणून जाते. केंद्र शहराबाहेरच्या एका गावात आहे. तेथे जाणाऱ्या बसगाड्या म्हणजे अमेरिकेतील शाळांमधून निवृत्त झालेल्या, भडक रंगांत नव्याने सजवलेल्या बस आणि त्यांत दोघांच्या बाकावर तिघांनी बसायचे हे गृहीत असते. मुले मला 'सेन्यो' म्हणतात, जसे ती आपल्या शाळेतील बाईंना म्हणतात. सकाळी शिक्षिका माझ्यासाठी शब्द सुटे करून, थांबत थांबत बोलते. दुपारी तशी दया कोणी दाखवत नाही. एकाच वेळी चौघे बोलतात, पेन्सिल पळवल्याची तक्रार करतात आणि निवाडा ताबडतोब हवा असतो. सकाळच्या वर्गात ऐकण्याचे जे शिक्षण होत नाही ते येथे सक्तीने होते.

मुलांपैकी बऱ्याच जणांची घरची भाषा किचे ही माया भाषा आहे, म्हणजे स्पॅनिश त्यांचीही दुसरीच भाषा आहे. किचेमध्ये नामाला व्याकरणिक लिंग नसते, त्यामुळे स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी नामापुढे येणारे 'एल' आणि स्त्रीलिंगी नामापुढे येणारे 'ला' यांत त्यांचा गोंधळ होतो. तीन लिंगे सांभाळत वाढलेल्या मला तो नेमका दिसतो आणि त्यांच्या वहीत तेवढे एक काम मी खात्रीने करू शकते. पण आम्ही एकाच नावेत आहोत असे मी स्वतःला सांगत नाही. मी ही भाषा हौसेने, पैसे मोजून शिकते आहे. त्यांची शाळा, दवाखाना, कचेरी बहुतांशी तिच्यातूनच चालते. २००३ च्या राष्ट्रीय भाषा कायद्याने माया, गारिफुना आणि शिन्का भाषांना मान्यता दिली, तरी अधिकृत भाषा स्पॅनिशच राहिली. घरी एक आणि फळ्यावर दुसरी हा पेच या मुलांच्या वाट्याला पहिलीपासूनच येतो.

आज गणिताच्या वेळी एका मुलीने मला माया अंक शिकवले. एकासाठी ठिपका, पाचासाठी आडवी रेघ, शून्यासाठी शिंपला. तीन रेघांवर चार ठिपके काढून तिने एकोणीस दाखवले. वीस लिहिताना तिने खाली शिंपला काढला आणि वरच्या मजल्यावर एकच ठिपका ठेवला, कारण ही मोजणी विसांच्या पटीत चढते. मी माझ्या वहीत चाळीस लिहून दाखवले तेव्हा तिने तपासून बरोबरची खूण केली आणि मग बहिणीकडे वळून किचेत काहीतरी म्हटले. त्यावर दोघी बराच वेळ हसल्या. ते काय होते हे मी विचारले नाही, विचारायलाही नको होते.

स्वयंसेवेबद्दल माझे मत येथे आल्यापासून बरेच कोरडे झाले आहे. ग्वाटेमालात पर्यटकाला साधारणपणे ९० दिवस राहता येते. येणाऱ्यांपैकी बरेच जण त्यातले मोजकेच दिवस या केंद्राला देतात, आणि प्रत्येक नव्या चेहऱ्याशी ओळख करून घेण्याचे काम मुलांवर पडते. ज्याला अजून धड वाक्य जुळवता येत नाही त्याला मुलांसमोर उभे करण्यापेक्षा वह्या मोजायला, खुर्च्या लावायला किंवा स्वयंपाकघरात भाजी चिरायला सांगावे, हे केंद्रातील कायमच्या शिक्षिकेचे धोरण मला पूर्णपणे पटते. सुरुवातीला तिने मलाही तेच काम दिले. सगळा भार खरे तर तिच्यावर आहे. तिला किचे आणि स्पॅनिश दोन्ही येतात, कोणाच्या घरी काय बिनसले आहे हे माहीत असते, आणि आम्ही निघून गेल्यावरही ती तेथे असणार आहे.

या आठवड्यापासून तिने मला धाकट्या मुलांचे पाढे घ्यायला सांगितले आहेत. पाढ्यांना बोलणे कमी लागते, म्हणून ते माझ्या वाट्याला आले असावेत. सोमवारी सातचा पाढा आहे आणि तो स्पॅनिशमध्ये न अडखळता म्हणता यावा म्हणून शनिवार-रविवारी मलाच त्याची उजळणी करावी लागणार आहे.