स्टॅम्पिंगसाठी तीन आठवडे म्हणून गेलो, चार महिन्यांनी परतलो

माझ्या पासपोर्टवरील एच-१बी व्हिसाची, म्हणजे अमेरिकेतील नोकरीच्या व्हिसाची, मुदत २०२४ मध्येच संपली होती. त्यात गैर काही नव्हते, कारण अमेरिकेतील वास्तव्य आय-९४ वर, म्हणजे प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या मुक्कामाच्या नोंदीवर, चालते आणि व्हिसाचा शिक्का लागतो तो फक्त बाहेर पडून पुन्हा आत येताना. घरातील एका लग्नाचे निमित्त साधून डिसेंबर २०२५ मध्ये तीन आठवडे भारतात जावे, नव्या शिक्क्यासाठी (यालाच स्टॅम्पिंग म्हणतात) अमेरिकी वकिलातीतील मुलाखत उरकावी आणि नव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी कामावर हजर व्हावे, असा बेत आम्ही नवरा-बायकोने आखला. प्रत्यक्षात परतलो तो एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात. वाचणाऱ्याची पिटिशन (कंपनीने त्याच्या एच-१बी साठी अमेरिकी सरकारकडे केलेला अर्ज), पगारपत्रके आणि कंपनीचे पत्र जागेवर आहे असे गृहीत धरूनच पुढचे लिहितो. ज्यांच्या नोकरीच्या कागदांतच घोळ आहे, त्यांनी हा प्रवास करूच नये.

दिशाभूल दोन ठिकाणी झाली. पहिली कार्यालयातील अनुभवी मंडळींकडून. ‘ड्रॉपबॉक्समध्ये कागद टाकायचे, आठवड्याभरात पासपोर्ट घरी येतो’ हे त्यांचे सांगणे २०२३ साली खरे होते. पण मुलाखतीशिवाय नूतनीकरणाची ही सवलत फेब्रुवारी २०२५ मध्ये, जुना व्हिसा संपून १२ महिन्यांहून अधिक काळ न झालेल्यांपुरती उरली आणि २ सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ (एच-१बी धारकाच्या जोडीदाराचा व मुलांचा व्हिसा) धारकांना ती मिळेनाशीच झाली. चार दिवसांनी, ६ सप्टेंबरला, अर्ज स्वतःच्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करावा अशी सूचना निघाली आणि सुट्टीच्या निमित्ताने तिसऱ्याच देशात जाऊन शिक्का मारून आणण्याची वाटही बंद झाली. २०२४ च्या सुरुवातीला अमेरिकेतच व्हिसा नूतनीकरण करून देणारा २०,००० अर्जांपुरता एक प्रायोगिक उपक्रम झाला होता, त्याचे नाव अजूनही लोक आशेने घेतात. ती आशा धरून तिकीट काढणे पुढे ढकलू नये.

दुसरी दिशाभूल अधिक महागात पडली. ३ डिसेंबर २०२५ रोजी जाहीर झाले की १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ च्या प्रत्येक अर्जदाराची समाजमाध्यमांवरील खाती तपासली जातील आणि त्यासाठी ती सर्वांना दिसतील अशी खुली ठेवावीत. आमची मुलाखत १८ तारखेची होती आणि विमान ५ तारखेचे. मी कंपनीच्या वकिलाला विचारले, तर एका ओळीचे उत्तर आले की मुलाखतीची तारीख कायम असल्यामुळे प्रवासास हरकत नाही. तांत्रिकदृष्ट्या ते उत्तर त्या दिवशी बरोबर होते. आम्ही उतरलो, ९ तारखेला बोटांचे ठसे आणि छायाचित्र देऊन आलो, आणि दुसऱ्या दिवशी ईमेल आला की मुलाखत आता २६ मार्चला आहे व जुन्या तारखेला आल्यास आत सोडले जाणार नाही. रोज तपासले जाणारे अर्ज कमी झाल्यामुळे हजारोंच्या तारखा अशाच पुढे गेल्या होत्या. लग्न छान झाले, एवढे सांगून डिसेंबर महिना संपवतो.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती. जानेवारीत, कोणीतरी दिलेल्या क्रमांकावरून, मी एका एजंटाकडे गेलो. ‘आतून ओळख आहे, दोन आठवड्यांत तारीख आणून देतो’ असे सांगून त्याने आम्हा दोघांचे मिळून ३६,००० रुपये घेतले. एच-१बी च्या अर्जाचे अधिकृत शुल्कच मुळात २०५ डॉलर आहे, हे लक्षात घेतल्यास त्याची मागणी कोणत्या पातळीची होती ते कळेल. त्याने माझ्या खात्याचे नाव आणि पासवर्ड मागून घेतले. पुढे काय झाले? त्याने दिवसातून इतक्या वेळा खाते उघडले की संकेतस्थळाने ते काही काळ गोठवले. मग त्याने तातडीच्या मुलाखतीची विनंती पाठवली, जी कोणताही अर्जदार स्वतःच्या खात्यातून विनामूल्य पाठवू शकतो, आणि ती नाकारली गेली. शेवटी त्याने माझी तारीख २६ मार्चऐवजी २३ मार्च करून दाखवली, तीही दुसऱ्या शहरातील वकिलातीत. तीन दिवसांच्या फायद्यासाठी विमानाचे भाडे आणि दोन रात्रींचे हॉटेल माझ्या माथी आले. त्याहून वाईट म्हणजे १ जानेवारी २०२५ पासून भारतात मुलाखतीची तारीख विनाशुल्क एकदाच बदलता येते, त्यापुढे नव्याने शुल्क भरून नवी तारीख घ्यावी लागते. ती एकमेव संधी या गृहस्थाने माझी परवानगी न विचारता खर्च केली. पैसे परत मागितल्यावर ‘काम झाले आहे’ हे उत्तर मिळाले. माझे मत स्पष्ट आहे: तारीख लवकर मिळवून देणारा एजंट असे काही नसते, असतो तो तुमच्याच खात्याचे बटण दाबून तुमच्याकडूनच मजुरी घेणारा माणूस. पासवर्ड कोणालाही देऊ नये, आणि दिलाच असेल तर हे वाचून झाल्याबरोबर बदलावा.

या काळातील खरी भीती मात्र एजंटाची नव्हती. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनुसार २१ सप्टेंबरपासून दाखल होणाऱ्या काही नव्या एच-१बी पिटिशनांवर एक लाख डॉलर भरावे लागतात. त्या शनिवार-रविवारी लोक विमानतळांवरून माघारी धावले, ते बहुतेकांच्या बाबतीत अनावश्यक होते. २० ऑक्टोबरच्या स्पष्टीकरणानुसार जुन्या, मंजूर पिटिशनवर परतणाऱ्याला किंवा अमेरिकेत राहूनच मुदतवाढ वा नोकरी बदलाचा अर्ज मंजूर होणाऱ्याला ही रक्कम लागू नाही. पण जो अमेरिकेबाहेर आहे आणि ज्याच्याकडे वैध व्हिसा नाही, त्याच्यासाठी दाखल होणाऱ्या नव्या पिटिशनला ती लागू आहे. याचा अर्थ तारखेची वाट पाहत भारतात बसलेल्या माझ्यासारख्याची नोकरी त्या तीन महिन्यांत गेली असती, तर दुसऱ्या कंपनीला मला परत नेण्यासाठी ती रक्कम मोजावी लागली असती, आणि ती कोण मोजेल? अमेरिकेत असताना नोकरी गेल्यास हाती असणारे ६० दिवसही बाहेर असताना उपयोगी पडत नाहीत. फेब्रुवारीत आमच्या विभागात कपात होणार अशी कुजबुज सुरू झाली, तेव्हा मला चार रात्री झोप लागली नाही. ज्यांच्या कंपनीत अशी चर्चा चालू आहे त्यांनी, घरी कोणी आजारी नसेल तर, व्हिसा संपलेला असताना अमेरिकेची सीमा ओलांडू नये असे मी ठामपणे सांगतो.

एक अपवाद नमूद करतो. आय-९४ वैध असताना केवळ कॅनडा किंवा मेक्सिकोला ३० दिवसांपर्यंत जाऊन परतल्यास संपलेल्या व्हिसावरही आत येता येते, मात्र तेथे असताना नव्या व्हिसासाठी अर्ज केला की ही सोय मिळत नाही.

भारतातून काम करण्याची परवानगी लेखी घेऊनच निघावे. आमच्या कंपनीने सहा आठवडे मान्य केले, त्यापुढे बिनपगारी रजा. वर एका आर्थिक वर्षात भारतातील मुक्काम १८२ दिवसांवर गेला की प्राप्तिकराच्या दृष्टीने तुम्ही येथील निवासी ठरता, हाही हिशेब डोक्यात ठेवावा लागतो. पत्नीच्या वर्क परमिटची मुदत सुदैवाने शिल्लक होती. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या त्याच्या नूतनीकरणाला पूर्वीची ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे ज्यांचे परमिट सहा महिन्यांत संपणार आहे त्यांनी आधी तो अर्ज करावा, मग लग्नाला जावे.

मुलाखत तीन-चार मिनिटांची झाली. कोणत्या क्लायंटचे काम करता, नेमके काय करता, पगार किती, एवढेच विचारले. डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जामध्ये मागील पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांवरील सर्व खाती लिहावी लागतात. मी विसरलेले एक जुने खाते पत्नीने आदल्या आठवड्यात आठवून दिले, तेव्हा नवा अर्ज भरून त्याचा क्रमांक मुलाखतीच्या नोंदीत बदलून घेतला. तो क्रमांक जुळला नाही तर प्रवेशद्वारावरूनच परत पाठवतात. खाती मुलाखतीच्या तोंडावर पुसून टाकण्याचा सल्ला देणाऱ्यांचे ऐकू नये. आमचे पासपोर्ट ठेवून घेतले आणि हातात २२१(जी) ची, म्हणजे अर्ज पुढील तपासणीसाठी थांबवल्याची, चिठ्ठी दिली. पुढचे नऊ दिवस संकेतस्थळावर ‘रिफ्यूज्ड’ हा शब्द दिसत होता. तपासणी चालू असतानाही तोच शब्द दिसतो हे आधी कोणी सांगितले असते, तर माझ्या आईचा एक सोमवारचा उपास कमी झाला असता.

सगळ्यात मोठी चूक मात्र परतल्यावर कळली. माझी पिटिशन सप्टेंबर २०२७ पर्यंत वैध आहे, पण पासपोर्ट जानेवारी २०२७ मध्ये संपतो. विमानतळावरील अधिकाऱ्याने आय-९४ पासपोर्टच्या तारखेपर्यंतच दिला, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. वास्तव्याची मर्यादा आता जानेवारी. ती पुढे नेण्यासाठी कंपनीने मुदतवाढीचा अर्ज वेळेत करायला हवा किंवा मी नवा पासपोर्ट घेऊन पुन्हा एकदा बाहेर जाऊन यायला हवे. चार महिने भारतात मोकळा बसलो असताना पासपोर्ट नवा करून घेणे सुचले नाही, कारण क्रमांक बदलला तर मुलाखतीची तारीख जाईल अशी भीती त्या एजंटाने घातली होती, आणि मी ती मानली. ज्यांचा पासपोर्ट पिटिशनच्या आधी संपतो, त्यांनी तिकीट काढण्यापूर्वी अमेरिकेतच तो बदलून घ्यावा. सामान घरी टाकण्याआधी, टॅक्सीत बसल्या-बसल्या, आपला आय-९४ संकेतस्थळावर उघडून तारीख वाचावी. मी ती अकराव्या दिवशी वाचली.