शिरोळची तळी आणि शेवटचं पाणी

कोल्हापूरहून सांगली रस्त्यानं हातकणंगले, जयसिंगपूर करत शिरोळकडे वळलं की दोन्ही हातांना ऊस लागतो, आणि मधूनच मिठानं पांढरी पडलेली रानं. जादा पाण्यानं बिघडलेल्या अशा क्षारपडीत तळं काढून मासे वाढवणं आम्हाला पटतं. फक्त ते रिकामं करताना पाणी सोडायचं कुठं, हे खोदाईआधी ठरायला हवं. ओढ्यात सोडलं तर ते नदीत जाणार, आणि पंचगंगेतल्या जलपर्णीला खताची कमी आधीच नाही.

घाणीचं मूळ खाद्यात. २८ टक्के प्रथिनांच्या १०० किलो खाद्यात सुमारे साडेचार किलो नत्र असतं. त्यावर ६५ किलो मासा वाढला, तरी त्याच्या अंगी लागतं जेमतेम पावणेदोन किलो. बाकीचं पाण्यात आणि गाळात. पेंड-कोंडा मुठीनं फेकला तर बराचसा न खाताच तळाला बसतो. त्यापेक्षा भोकं पाडलेल्या पिशव्या बांबूला टांगाव्यात. दोन तासांनी पिशवीत खाद्य उरलं असेल, तर पुढच्या वेळी दहा टक्के कमी. ढगाळ दिवशी निम्मंच: ऊन नसलं की पाण्यातला प्राणवायू घटतो, मासा खात नाही आणि खाद्य कुजून उरलासुरला प्राणवायूही संपवतं.

बांधावर उभं राहून आम्ही आधी बघतो ती निचऱ्याची मोरी. बहुतेक ठिकाणी पाइप थेट तळातून काढलेला असतो, म्हणजे चावी उघडताच पहिला गाळच बाहेर. आतल्या टोकाला एल्बो (काटकोनी जोड) बसवून उभा पाइप जोडा आणि तो थोडा थोडा वाकवत वरचं पाणी आधी काढा. एकराचं दीड मीटर खोल तळं म्हणजे सुमारे ६० लाख लिटर. त्यातले शेवटचे दहा लाख लिटर सगळ्यात घाण, कारण मासे धरायचं ओढजाळं फिरलं की तळ ढवळून निघतो. जाळं चालू असताना मोरी बंदच ठेवायची.

पाणी गोडं असेल तर हे दहा लाख लिटर उसाला द्यावं. आठ सेंटिमीटरच्या पाळीनं तीन एकर भिजतात. मग त्या रानातला युरियाही कमी करावा, हे सहसा विसरलं जातं. क्षारपडीतल्या तळ्याचं पाणी मात्र क्षार तपासल्याशिवाय सरीत सोडू नये. ते वेगळ्या खड्ड्यात दोन-तीन दिवस निवळू द्यावं आणि वरचं पाणी पुन्हा तळ्यात घ्यावं. गाळाचंही तेच: गोड्या पाण्याचा असेल तर वाळवून लागणीआधी रानात, खारा असेल तर बांधावरच.

नृसिंहवाडीजवळ, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडे आलं की पुराचा हिशोब सुरू होतो. २०१९ सारख्या पुरापुढे बांध किंवा जाळी टिकत नाही; मासे, गाळ, खाद्याच्या गोण्या, सगळं नदीत. त्यामुळे या पट्ट्यात पूर ओसरल्यावर शंभरेक ग्रॅमची मोठी बोटुकली (माशांची पिल्लं) सोडून जूनआधी विक्री उरकावी, आणि उरलेलं खाद्य तळ्याच्या शेडमध्ये ठेवू नये.