सुई मागायला आलेल्या पोराला हाकलून देऊ नका

नाशकातल्या सिडकोत आमचं मेडिकल आहे, मी आणि माझे मिस्टर दोघंही काउंटरला असतो, आणि आज जे लिहितेय ते आमच्या लाइनमधल्या बऱ्याच जणांना पटणार नाही हे मला माहितीये. तरी लिहितेय.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये शिंदे गावात एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरचा, कारखाना सापडला तेव्हापासून नाशकात ड्रग्ज म्हटलं की किती कोटींचा माल आणि कोणाचा हात एवढंच बोलणं होतं. मधूनच मालेगावची कुत्ता गोळी पेपरात येते, ती म्हणजे अल्प्राझोलम, घबराटीवर देतात ती गोळी, शेड्यूल एच वनमधली, चिठ्ठी आणि रजिस्टरला नोंद असल्याशिवाय द्यायचीच नाही अशी. पण सुईबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही, कारण सुई टोचणारा म्हणजे पुलाखाली पडलेला गर्दुल्ला असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. आमच्याकडे येणारी पोरं तशी नसतात. खांद्याला जिमची बॅग, टापटीप कपडे, बोलायला गोड, "काकू, इन्सुलिनची सिरिंज द्या ना एक". शुगरचा पेशंट सहसा एकच सिरिंज मागत नाही, त्यामुळे आम्हाला लगेच कळतं.

यातली बरीचशी पोरं मेफेंटरमाइन टोचतात. भूल दिल्यावर पेशंटचं बीपी पडलं तर ऑपरेशन थिएटरमध्ये देतात ते इंजेक्शन, आणि ही पोरं स्टॅमिना येतो म्हणून घेतात. छाती धडधडते, बीपी चढतं, झोप उडते, हळूहळू सवय लागते आणि डोक्यात नको ते संशय यायला लागतात. ते इंजेक्शन आम्ही चिठ्ठीशिवाय देत नाही, पण ते त्यांना कुठून ना कुठून मिळतंच. आणि आपण काय नशेडी नाही असं त्यांना मनापासून वाटत असतं, म्हणून एचआयव्ही आणि कावीळ हे आपलं दुखणंच नाही असं धरून चालतात.

आता त्या बाटलीचं बघा. १० एमएलची, रबरी बुचाची, एका माणसाला पुरून उरते म्हणून तिघाचौघांत फिरते. एकाने टोचून घेतलं आणि अजून थोडं पाहिजे म्हणून तीच सुई परत बुचातून आत घातली की त्याचं रक्त बाटलीत गेलं, डोळ्यांना दिसणार पण नाही इतकं कमी, पण रोग पसरायला तेवढं बास आहे. पुढच्याने नवीकोरी सुई फोडून घेतली तरी काही उपयोग नाही. हे मी एका पोराला समजावत होते तर तो म्हणाला, "आम्ही सुई शेअर नाही करत काकू, फक्त बाटली." त्याला खरंच माहीत नव्हतं. पावडर विरघळवून घेणाऱ्यांचं पण तेच, चमचा, पाणी, कापूस यातला एक जरी सामायिक असला तरी झालं. आणि एमडी नाकाने ओढताना जी नोटेची नळी फिरते तिला पण आतून रक्त लागलेलं असू शकतं.

सगळ्यात जास्त भीती मला हिपॅटायटिस सी ची वाटते, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या, लिव्हर खराब करणाऱ्या काविळीची. लॅबमध्ये तपासलं तेव्हा सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हा व्हायरस ६३ दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय, म्हणजे पाण्याने खळबळून काय होणार? शिवाय बहुतेकांना डोळे पिवळे होत नाहीत, काही दुखत नाही. आपल्याकडे कावीळ म्हटलं की माळ घालायला नेतात, पण इथे कावीळच दिसत नाही तर नेणार कोण आणि कशाला. शंभरातल्या साधारण सत्तर जणांत तो कायमचा राहतो, लिव्हर वर्षानुवर्षं आतून खराब होत जातं. आणि जीव तुटतो तो यासाठी की हा आजार बरा होतो! साधारण १२ आठवडे गोळ्या, शंभरातले ९५ हून जास्त बरे, आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात फुकट. पण तपासणीच केली नाही तर गोळ्या कोणाला देणार?

दुसरं म्हणजे ताप. घाणेरड्या सुईने नुसतं गळू होत नाही, जंतू रक्तातून हृदयाच्या झडपेपर्यंत जातात. थंडी वाजून ताप येतो, जातो, परत येतो, घरचे डेंग्यू-मलेरियाच्या टेस्ट करत बसतात, डॉक्टर विचारतात तेव्हा शेजारी आई बसलेली असते म्हणून पोरगा सुईचं बोलतच नाही. झडपेच्या इन्फेक्शनला बऱ्याचदा चार ते सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक लागतं, कधी ऑपरेशन. म्हणून आईवडिलांनो, पाच मिनिटं बाहेर जा, पोराला डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या.

आमच्या लाइनमध्ये बरेच जण सुई देतच नाहीत, वरून चारचौघांत पाणउतारा करतात. मिस्टर पण आधी म्हणायचे की आपण दिली म्हणजे आपण साथ दिली. मला ते पटत नाही. सुई नाही मिळाली म्हणून त्या संध्याकाळी कोणी टोचायचं थांबत नाही, मित्राची घेतो. सरकारच्या एड्स कार्यक्रमात सुई टोचणाऱ्यांना नव्या सुया देतात ते काय उगाच? मी सिरिंज देते, बाटलीचं सांगते, आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाक म्हणते, नाहीतर कचरावेचणाऱ्या बाईच्या हातात घुसते.

एवढं सांगून विचारते, तपासणी केलीस का? सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे तिथल्या सल्ला आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, गुप्त राहते, हिपॅटायटिस बी आणि सी चं पण तिथेच विचारायचं. लगेच निगेटिव्ह आलं म्हणून मोकळं व्हायचं नाही, तीन महिन्यांनी परत करायची. दुसऱ्याची सुई नुकतीच वापरली गेली असेल तर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि त्या २८ दिवस घ्यायच्या. सोडायचं असेल तर १४४४६ ला फोन, एचआयव्हीबद्दल काही विचारायचं तर १०९७. आणि हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर घेऊन टाका, मोठ्यांना तीन डोस, पहिल्यानंतर एक महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. सी ला लस नाही.