रिकामी स्लाइड

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, चार दिवसांवर आली होती. फोंड्याच्या बाजारात माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या सामानाचे ढीग लागले होते आणि आमच्या लॅबमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला आलेल्यांची रांग होती. त्या गडबडीत वीर्यतपासणीचा एक नमुना माझ्या टेबलावर आला. २२ वर्षं मी हे काम करते. नमुना पातळ व्हायला अर्धा तास द्यायचा, मग थेंब स्लाइडवर घ्यायचा. हात आपोआप चालतात.

प्रमाण २.८ मिली, रंग, दाटपणा, सगळं ठीक. भिंगाखाली मात्र काहीच नाही. एरवी तिथे पावसाळी डबक्यात असते तशी वळवळ असते. दुसरा थेंब पाहिला, तिसरा पाहिला. शून्य लिहिण्याआधी नमुना सेंट्रिफ्यूजमध्ये १५ मिनिटं फिरवून तळाचा गाळ पुन्हा तपासायचा असतो. तेही केलं. गाळात चार-दोन गोल पेशी, बाकी काही नाही.

नमुना पूर्ण भरला होता ना, मध्यंतरी ताप वगैरे आला होता का, हे विचारायला मी बाहेर आले. बाकावर तिशीतला तरुण बसला होता. टी-शर्टच्या बाह्या दंडांवर ताणलेल्या, मानेमागे आणि खांद्यांवर लाल, मोठाल्या पुळ्या. शेजारी बायको, तिच्या मांडीवर जाडजूड फाईल.

त्याला एकट्याला आत बोलावलं.

"जिममध्ये काही घेता का?"

"प्रोटीन घेतो, ताई."

"आणि इंजेक्शन?"

त्याने दाराकडे पाहिलं. "कोर्स केलेत दोन. तिसरा चालू आहे."

आठवड्याला टेस्टोस्टेरॉनच्या २५० मिलिग्रॅमच्या दोन सुया. ट्रेनरच टोचायचा. डॉक्टरची चिठ्ठी नाही, रक्ततपासणी नाही. "पण हे तर पुरुषाचंच हार्मोन ना? त्याने कमी कसं होईल?" त्याने अगदी मनापासून विचारलं. मला राग आला तो त्याचा नाही. ज्याने सुई टोचली आणि एवढी एक गोष्ट सांगितली नाही, त्याचा आला.

मी कागदावर रेघा ओढून दाखवलं. मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी रक्तातलं हार्मोन मोजत असते. बाहेरून भरपूर मिळतंय असं दिसलं की ती वृषणांना हुकूम पाठवणं बंद करते. मग रक्तात हार्मोन ओसंडत असलं तरी वृषणाच्या आत, जिथे त्याची खरी गरज, तिथे दुष्काळ पडतो आणि शुक्रजंतू बनणं थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत २७१ निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिलं होतं. कशासाठी? गर्भनिरोधक म्हणून चालतं का ते पाहायला. सहा महिन्यांत १५७ जण शून्यावर आले. हा मुलगा त्याच्या अडीचपट घेत होता, आणि मूल व्हावं म्हणून त्याची बायको गोळ्या खात होती.

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना फोन केला, त्याला विचारून रक्त घेतलं. ट्यूबमध्ये येतानाच ते काळसर आणि संथ होतं. हिमोग्लोबिन १९.४, हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा वाटा, ५८ टक्के. त्या आकड्याने मी जास्त घाबरले. मूल उशिरा झालं तरी चालेल, पण इतकं दाट रक्त गुठळी धरून हृदयाची नाहीतर मेंदूची वाट अडवू शकतं. पिट्युटरी ज्या हार्मोनने वृषणांना हुकूम पाठवते ते एलएच ०.१ पेक्षा कमी होतं, म्हणजे हुकूम खरंच थांबला होता.

"आजपासून बंद," तो म्हणाला.

बंद करायचंच. पण एकट्याने नव्हे. सुई थांबली म्हणून शरीर दुसऱ्या दिवसापासून स्वतःचं हार्मोन बनवायला लागत नाही. मधले महिने थकवा, उदासी, कशातच मन नाही, आणि तेवढ्यासाठी कितीतरी मुलं पुन्हा सुईकडे वळतात. म्हणून त्याला बांबोळीला मेडिकल कॉलेजात जायला सांगितलं. शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिने लागतात. बहुतेकांचे परत येतात, पण काहींना वर्ष किंवा त्याहून जास्त लागतं, हेही लपवलं नाही. निदान पक्कं करायला दुसरा नमुना लागेल, त्याची तारीख लिहून दिली.

मग त्यानेच बायकोला आत बोलावलं आणि सगळं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ती काही बोलली नाही. दोन वर्षं तिने काय काय केलं ते त्या फाईलमध्ये होतं: सोनोग्राफ्या, नळ्यांचा एक्स-रे, हार्मोनच्या तपासण्या. फाईलमध्ये नव्हतं तेही तिने मग सांगितलं. कवळ्याला शांतादुर्गेची ओटी भरली होती, गावच्या देवळात देवाचा कौल घ्यायला प्रसाद लावला होता. त्याचा मात्र एकही कागद त्यात नव्हता. ज्या तपासणीला ना सुई लागते ना भूल, ती सगळ्यात शेवटी का होते, हे मला इतक्या वर्षांत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

"ताई," ती म्हणाली, "चवथीनंतरच्या सोमवारी माझी पोटाची दुर्बिणीची तपासणी ठरली आहे. ती करायची की नको?"

"ते डॉक्टर ठरवतील. पण त्यांना हा रिपोर्ट दाखवल्याशिवाय भूल घेऊ नका."

तिने फाईल उघडली आणि आपल्या सगळ्या कागदांच्या वर त्याचा रिपोर्ट लावला.