आपल्या तापीत पोहून आले

पोहायला मी चाळिशीच्या तोंडावर शिकले, जळगावला, बायकांच्या सकाळच्या बॅचमध्ये. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. माझं माहेर पूर्णेच्या काठचं, सासर तापीकाठचं. आमच्या घरातल्या बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या या नद्यांचं पाणी डोक्यावरून वाहिलं, गोधड्या धुतल्या, आषाढ शुद्ध सप्तमीला तापीची ओटी भरली, पर्वणीला नाक धरून बुडी मारली. पोहली मात्र एकही नाही. पोरं म्हशीच्या शेपटीला धरून पोहायला शिकायची आणि पोरी काठावर त्यांचे कपडे राखत बसायच्या.

मागच्या उन्हाळ्यात ऑफिसातल्या मैत्रिणी तारकर्लीला जाऊन आल्या. सकाळी बोट, मग पाण्यात डुंबणं, दुपारी जेवण, अर्ध्या दिवसात सगळं. फोटो छानच होते. मला राहून राहून वाटत होतं की हे सगळं भुसावळपासून तासाभराच्या आत आपल्याकडे आहे, फक्त ते पॅकेज म्हणून कुणी विकत नाही. मामाला फोन केला. मामाच्या ओळखीचे एक नाना तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव गावी नाव चालवतात. धंदा मासेमारीचा, महाशिवरात्रीच्या यात्रेत भाविकांना संगमावर फिरवायचं कामही करतात. नानांनी मामाला दोनच गोष्टी सांगितल्या : लाइफ जॅकेट तुमची तुम्ही आणा, आणि पाण्यात कुठं उतरायचं ते मी सांगीन. मला दोन्ही एकदम पटल्या.

जानेवारीचा रविवार होता. मी, नवरा, सातवीतली लेक आणि नवऱ्याची आत्या असे भुसावळहून निघालो तेव्हा अंधारच होता. थंडी म्हणजे आपली खान्देशातली थंडी, दुपारी स्वेटर काढून कमरेला बांधायला लावणारी आणि पहाटे दात वाजवणारी. मामा-मामी थेट चांगदेवला भेटले. मामीच्या डोक्यावर वांग्यांची टोपली होती. त्या वांग्यांबद्दल पुढे सांगते, घाईत उरकण्यासारखी ती गोष्ट नाही.

आधी देवळात गेलो. चांगदेवांचं हे देऊळ ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी फक्त त्यासाठी तरी जावं. काळ्या दगडाचं, भलंथोरलं, बाहेरच्या भिंतींना असे कोन काढलेत की ऊन जसजसं सरकतं तसतशी सावलीची नक्षी बदलते. वर शिखर नाही. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात असल्यामुळे रंगरंगोटीपासून वाचलंय, हे मला फार बरं वाटतं. आमच्या भागातल्या किती जुन्या देवळांना ऑइलपेंट फासलाय ते पाहिलं की जीव तुटतो.

देवळापासून नदी जवळच. नाना नाव तयार ठेवून बसले होते. लांबट नाव, मागे छोटी मोटार, आत बसायला आडव्या फळ्या आणि एक लांब बांबू. आत्या सत्तरीच्या पुढच्या, त्यांना नवऱ्याने आणि मामाने दोन्हीकडून धरून बसवलं. बसल्या बसल्या त्यांनी तापीमाईला हात जोडले आणि पाण्यात हळदीकुंकू सोडलं. नाना म्हणाले, “बसा आजी, मोटार जोरात नाही पळवत मी.” आणि खरंच नाही पळवली.

संगम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्याचा आवाका कळत नाही. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते, बऱ्हाणपूरवरून रावेर तालुक्यात येते. पूर्णा येते गाविलगडाच्या डोंगरातून, अकोला-बुलढाण्याचा खारपाणपट्टा ओलांडून. दोघी भेटतात चांगदेवला. त्याच्या खाली हतनूरचं धरण असल्यामुळे पाणी मागे तुंबतं आणि नदीची नदी न राहता समोर तळं पसरल्यासारखं दिसतं. पावसाळ्यात बातम्यांत आपण ऐकतो ना, “हतनूरचे 41 दरवाजे उघडले”, ते हेच. त्या दिवसांत इथं नाव टाकायचं नावही काढू नये. पाऊस ओसरला की दरवाजे बंद होतात, पाणी चढतं, आणि पुढे दीपनगरच्या वीज केंद्रापासून भुसावळच्या नळापर्यंत सगळ्यांची तहान या पाण्यावर भागते. माझ्या स्वयंपाकघरातल्या माठात जे पाणी असतं त्याच्यावर मी त्या दिवशी तरंगत होते. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

नानांनी मोटार बंद केली आणि बांबू घेतला. “आता आवाज करू नका, तिकडे पाहा.” उथळ पाण्यात, गाळाच्या पट्ट्यावर चक्रवाक बसले होते, भाजलेल्या विटेच्या रंगाचे. त्यांच्या पलीकडे पट्टकादंब. पांढऱ्या डोक्यावर काळे दोन पट्टे, त्यावरून लगेच ओळखू येतो. हा पक्षी हिमालय ओलांडून हिवाळ्यापुरता आपल्याकडे येतो. लेकीला हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. तिला लडाखचं, शिमल्याच्या बर्फाचं सगळं माहीत, पण हिमालयापलीकडून उडत आलेला पाहुणा आपल्या हतनूरला उतरतो हे माहीत नाही. वरणगावचे पक्षिमित्र दरवर्षी इथं पक्ष्यांची मोजदाद करतात. वारकरी पक्षी तर इतके होते की मोजण्याच्या भानगडीत पडलोच नाही. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा म्हणून त्यांना वारकरी म्हणतात, हे कळल्यावर आत्या इतक्या खूश झाल्या की त्यांनी पक्ष्यांनाही “माउली” म्हणून हाक मारली.

मेहूणच्या दिशेला नाव वळली तेव्हा आत्यांनी मुक्ताईची गोष्ट सुरू केली. शके 1219 च्या वैशाखात, तापीच्या काठी वीज कडाडली आणि मुक्ताई दिसेनाशी झाली, ती हीच जागा असं आपल्याकडे मानतात. अठरा-एकोणीस वर्षांची पोर. चौदाशे वर्षं जगलेल्या चांगदेवांची ती गुरू. आत्या दरवर्षी मुक्ताईच्या पालखीला निरोप द्यायला जातात, त्यामुळे गोष्ट सांगताना त्यांचा आवाज जड झाला. मी ही गोष्ट लहानपणापासून ऐकलीय. पण पाण्याच्या मधोमध बसून ऐकताना पहिल्यांदा जाणवलं की या सगळ्या पट्ट्याचं दैवत एक मुलगी आहे. जिच्यापुढे एवढा मोठा योगी नमला, तिच्या गावच्या मुलींना नदीत पोहायला बंदी का असावी?

अकराच्या सुमारास ऊन चांगलं तापलं आणि नानांनी नाव एका काठाला लावली. तिथंच का, हे त्यांनी नीट समजावून सांगितलं आणि ते मी इथं मुद्दाम लिहितेय, कारण दर उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात तापी-गिरणेत पोरं बुडाल्याच्या बातम्या येतात.

“ताई, पाणी शांत दिसतं म्हणून कुठंबी नका उतरू. बॅकवॉटरचा गाळ वाईट. पाय धसला की माणूस घाबरतो, घाबरला की बुडतो.” वाळू उपसलेल्या जागी वरून काहीच कळत नाही आणि एका पावलावर पुरुषभर खड्डा असतो. जाळी लावलेली असेल तर पायात अडकते. पाण्याखाली जुन्या बाभळींची खोडं असतात, म्हणून सूर मारायचा नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. नानांनी आधी बांबू टाकून तळ चाचपला, मग स्वतः उतरून चालत गेले, छातीएवढ्या पाण्यापर्यंत. खाली बारीक गोटे होते, गाळ नव्हता. तिथं त्यांनी बांबू रोवला. “याच्या पुढे जायचं नाही.” तलावावर आमच्या कोच मॅडम जितक्या काटेकोर, तितकेच नानाही.

मी ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घातला होता, वरून जॅकेट. पाय टाकला आणि श्वासच अडकला. वरचं वीतभर पाणी उन्हानं कोमट आणि खाली गारठा. तलावातल्या पाण्याला औषधाचा वास असतो, इथं ओल्या दगडाचा आणि शेवाळाचा होता. तोंडात गेलं तर चव गोडसर. सगळ्यात वेगळी गोष्ट म्हणजे समोर भिंत नव्हती. तलावात दर थोड्या वेळानं हात भिंतीला लागतो आणि माणूस वळतो. इथं मी काठाला समांतर पोहत राहिले, नाना कमरेएवढ्या पाण्यातून बाजूनं चालत राहिले, आणि हात कशालाही लागत नव्हता. मग उताणी झाले. कान पाण्यात गेले की वरचे आवाज बंद होतात. डोळ्यांसमोर फक्त निळं आकाश आणि त्यातून जाणारी बगळ्यांची रांग. मला रडू आलं. कारण विचारलं तर सांगता येणार नाही, पण आलं.

लेक माशासारखी सुळसुळत होती, तिचं काय सांगायचं. ती ज्या सहजपणे त्या पाण्यात शिरली ते बघून मला समाधान वाटलं.

मामी काठावर बसून हे सगळं बघत होती. पंचावन्नची असेल. आयुष्य पूर्णेच्या काठी गेलं तिचं. मी म्हटलं, “मामी, ये.” ती मामाकडे बघायला लागली. मामा म्हणाला, “माझ्याकडं काय बघते? जा ना.” साडीचा पदर खोचून, वरून माझ्या नवऱ्याचं लाइफ जॅकेट घालून ती उतरली. एका हातानं नावेची कड पकडलेली, दुसऱ्या हातानं मला. कमरेएवढ्या पाण्यात आल्यावर तिला म्हटलं, आता मान मागे टाक आणि पाय सोडून दे. बराच वेळ ती पाय सोडेना. बोटं अशी रुतली होती की माझ्या दंडावर वळ उठले. मग एकदम सोडले. पाय वर आले, साडी फुगून भोवती पसरली, आणि मामी त्या पाण्यावर आडवी तरंगायला लागली.

“माय वो,” ती म्हणाली, “हे तं उचलतं गं!”

काठावरून आत्या टाळ्या वाजवत होत्या. मामी पाण्याबाहेर यायलाच तयार नव्हती. शेवटी वांग्यांची आठवण केल्यावर आली.

तर वांगी. भरताची आपली हिरवी-पांढरी, लांबट, बामणोदकडची. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याला ते मानांकन जिभेनं कधीच दिलेलं होतं. नानांचं घर काठापासून जवळच. त्यांच्या अंगणात मामा आणि नानांच्या घरच्यांनी आम्ही पाण्यात असतानाच कपाशीच्या काड्या पेटवल्या होत्या. वांग्यांना टोचे मारून, तेलाचा हात लावून आरावर टाकायची. गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, कुणी काहीही म्हणो. साल काळी पडून तडकली, रस सुटून आरावर चुरचुरायला लागला की भाजलं. गरम गरम घमेल्यात घालून झाकायची, म्हणजे साल झरझर सुटते.

मग बडगी. लाकूड कोरून केलेली, ठेचून ठेचून आतून गुळगुळीत झालेली. आधी हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचला, मग सोललेली वांगी. मामीचे केस ओले, अंगात नानांच्या सुनेचं कोरडं पातळ, आणि हात चालू. मिक्सरमध्ये वांग्याचा लगदा होतो, बडगीत त्याचे रेशे राहतात. वरून तेलात शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, भरपूर कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो नाही, हळद नाही. सोबत कळण्याची भाकरी, उडीद आणि ज्वारी एकत्र दळलेल्या पिठाची, जरा जाड, कडेला खरपूस. केळीच्या पानांवर पंगत बसली. पाण्यातून आलेल्या माणसाची भूक निराळीच असते. लेकीनं घरी कधी भरीत खाल्लं नाही, तिथं मागून घेतलं. शेवटी नानांनी केळीचा फणा आणून ठेवला.

दोनच्या आत आम्ही परत हायवेला लागलो होतो. आत्या गाडीत झोपल्या, लेकही.

मामीचा रात्री फोन आला. दोन्ही सुनांना घेऊन यायचंय म्हणते. मुक्ताईनगरला असलेल्या बहिणीलाही सांगून झालंय तिचं. नाना म्हणाले आहेत की होळीच्या आधी या, नंतर पाणी उतरत जातं आणि काठाला गाळच उरतो. महाशिवरात्रीच्या यात्रेत त्यांना फुरसत नसते, त्यामुळे यात्रेच्या आधीचा एखादा रविवार बघतेय. आमच्या पोहण्याच्या बॅचमधल्या बायकाही तयार आहेत. एका नावेत सगळ्या मावणार नाहीत, म्हणून नाना दुसरी नाव सांगतील. अडचण जॅकेटांची आहे. भुसावळ-जळगावात कुणाकडे मोठ्या मापाची लाइफ जॅकेट असतील तर कळवा. न्यायला मी येईन आणि धुऊन, वाळवून परत करीन.