दुसरी लाइन मुकी का होती

सोमवार, रात्रीचे साडेअकरा

चार दिवसांचा घोळ आज सुटला. डोक्यात ताजा आहे तोवर लिहून ठेवते.

आमचं सेवा केंद्र दारव्हा तालुक्यातलं. रस्त्याच्या कामात जेसीबीनं इंटरनेटची फायबर केबल तोडली की दोन-दोन दिवस लोक हात हलवत परत जातात. म्हणून मागच्या महिन्यात टॉवरवरची वायरलेस लाइनही घेतली. दोन्हींना स्थिर आयपी, म्हणजे न बदलणारा इंटरनेट पत्ता आहे आणि दोन्ही जुन्या डेबियन (लिनक्स) मशिनला जोडल्या आहेत. संध्याकाळी मी घरून एसएसएचनं, म्हणजे दुरून जोडणी करून, त्या मशिनमध्ये शिरते आणि दिवसाचे स्कॅन तपासते. फायबरच्या पत्त्यावरून शिरता येई, वायरलेसच्या पत्त्यावरून काहीच उत्तर नाही. पण फायबरचा इंटरफेस (मशिनमधलं तिचं जोडणीचं टोक) बंद केला की तोच पत्ता लगेच बोलायचा! लाइन देणारा म्हणत होता, आमच्याकडून सगळं ठीक आहे. मी त्याच्यावर चिडले, पण तो खरं सांगत होता.

सकाळी डवरण सोडून एक आजोबा पीकविम्याचा फॉर्म भरायला आले. नेमकी फायबर गेलेली. म्हणाले, "ताई, दोन तारा हायेत तुह्याजवळ, मंग एकबी कामाची नाई का?" ते रागानं बोलले नाहीत, म्हणूनच जास्त लागलं.

ते गेल्यावर वायरलेसच्या इंटरफेसवर टीसीपीडम्प, म्हणजे येणारे-जाणारे डेटाचे तुकडे (पाकिटं) दाखवणारं साधन, लावला. बाहेरून पाकिटं येत होती, उत्तर मात्र कोणत्याच लाइनवरून जात नव्हतं. आलेली पाकिटं आतच मरत होती आणि लॉगमध्ये त्याची एक ओळ नाही. हे काम आरपी-फिल्टरचं, म्हणजे पाकीट योग्य वाटेनं आलं का हे तपासणाऱ्या सेटिंगचं. त्याची किंमत १ असली की कर्नल (लिनक्सचा गाभा) प्रत्येक पाकिटाला विचारतो, तुला उत्तर द्यायचं झालं तर मी याच वाटेनं पाठवीन का? आमची डिफॉल्ट, म्हणजे नेहमीची बाहेर जायची वाट फायबरची, म्हणून वायरलेसवरून आलेलं सगळं त्याला खोटं वाटायचं. नोंद राहावी म्हणून लॉग-मार्शियन्स हे सेटिंग वेगळं सुरू करावं लागतं.

मी वायरलेसच्या इंटरफेसला ० दिला, तरी काही बदललं नाही. यातच दुपार गेली. 'ऑल'ची (सगळ्या इंटरफेसेसच्या सामायिक सेटिंगची) किंमत आणि इंटरफेसची किंमत यातली जी मोठी ती लागू होते, आणि 'ऑल'मध्ये १ होता. इंटरफेसला २ दिले, म्हणजे सैल तपासणी, तेव्हा पाकिटं आत आली.

पण उत्तर निघालं ते फायबरवरून, वायरलेसचा पत्ता कपाळावर घेऊन. शेजाऱ्याच्या पांदणीनं आलेली बंडी आपल्या पांदणीनं परत न्यावी तसं. फायबरचा पुरवठादार दुसऱ्याचा पत्ता असलेलं पाकीट आपल्या जाळ्यातून जाऊ देत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. त्यामुळेच खोट्या पत्त्यांचे हल्ले थोडे तरी आटोक्यात राहतात.

मग वायरलेससाठी २०० नंबरचं वेगळं राउटिंग टेबल (वाटांची यादी) केलं, त्यात तिचा गेटवे (बाहेर पडायचं दार) डिफॉल्ट म्हणून घातला आणि नियम लिहिला की ज्याचा उगमपत्ता वायरलेसचा, त्यानं २०० मध्ये बघावं. मुख्य टेबलाचा नियम ३२७६६ वर असतो. हा त्याहून लहान ३२७६५ वर बसला, म्हणून आधी वाचला जातो. जुन्या लेखांत शेवटी रूट कॅश (वाटांची साठवलेली आठवण) रिकामी करा असं सांगतात. आयपीव्ही४ ची ती कॅश २०१२ च्या ३.६ कर्नलमध्येच गेली, तिच्यावर वेळ घालवायला नको होता.

मोबाइलवरून एसएसएच केलं आणि पासवर्डची ओळ आली. डोळ्यात पाणी आलं, खरंच.

सहाला लाइट गेली. परत आली तेव्हा नियम पुसलेला, कारण मी तो फक्त हातानं टाकला होता. आता इंटरफेसेस फाइलमध्ये पोस्ट-अपच्या (इंटरफेस चालू झाल्यावर आपोआप चालणाऱ्या) ओळी लिहिल्या, आरपी-फिल्टर सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या सेटिंगच्या) फाइलमध्ये घातला, आणि मशिन दोनदा बंद-चालू करून पाहिलं. दोन्ही वेळा टिकलं.

एक काम उरलंच आहे. फायबर रस्त्यावर तुटली तरी इथला इंटरफेस चालूच दिसतो, म्हणून डिफॉल्ट वाट आपोआप वायरलेसवर जात नाही. बाहेरचा पत्ता पिंग करून (उत्तर येतं का बघून) वाट बदलणारी छोटी स्क्रिप्ट उद्या लिहीन. आजोबांना बुधवारी बोलावलं आहे, त्याआधी ती चालली पाहिजे.