खात्रीने सांगितलेल्या गोष्टी

करोनाच्या साथीनंतर वैद्यकीय व्यवस्थेवरचा माझा विश्वास पूर्वीसारखा राहिला नाही, असे म्हटले की ऐकणारा लगेच तर्क करतो : हा लसविरोधी झाला असणार, किंवा अफवांच्या नादी लागला असणार. यांपैकी काहीही घडलेले नाही. लस मी घेतली आणि आजही आजारी पडलो की डॉक्टरांकडेच जातो. नव्या विषाणूबद्दल पहिल्या काही महिन्यांत कोणाला सगळे ठाऊक असेल, अशी माझी अपेक्षाही नव्हती. खटकले ते एवढेच, की जे ठाऊक नव्हते तेही ठाऊक असल्याच्या सुरात सांगितले गेले.

मास्कचेच पाहा. २९ फेब्रुवारी २०२० रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सरकारच्या वतीने जनतेला आरोग्यविषयक सल्ला देणाऱ्या प्रमुख डॉक्टरांनी, लोकांना मास्क विकत घेणे थांबवायला सांगितले. सर्वसामान्यांना त्यांचा उपयोग नाही आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना ते मिळाले नाहीत तर सगळ्यांनाच धोका आहे, अशी दोन्ही विधाने एकाच संदेशात होती. जी वस्तू डॉक्टरांचे रक्षण करते ती माझे का करत नाही, हा प्रश्न पडायला वैद्यकाची पदवी लागत नाही. मास्क अपुरे आहेत, आधी रुग्णालयांना मिळू द्या, असे सरळ सांगितले असते तर पुष्कळांनी ते मानले असते. पुढे ३ एप्रिलला तिथल्याच सीडीसीने, म्हणजे सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, कापडी मास्क वापरण्याची शिफारस केली, तेव्हा लोकांनी आधीचे खरे मानायचे की नंतरचे?

हवेतून होणाऱ्या प्रसाराची गोष्ट मला याहून गंभीर वाटते. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने हा आजार हवेतून पसरत नाही, असे निःसंदिग्धपणे जाहीर केले. जुलैमध्ये २३९ शास्त्रज्ञांनी हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांकडे लक्ष वेधले. तरीही हा मार्ग संघटनेच्या संकेतस्थळावर स्पष्ट शब्दांत मान्य व्हायला एप्रिल २०२१ संपत आला. तोपर्यंत असंख्य लोक वस्तू पुसत राहिले आणि बंद खोल्यांच्या खिडक्या बंदच राहिल्या. चुकीचे विधान मोठ्या आवाजात झाले होते, दुरुस्ती मात्र जवळजवळ कुजबुजीत झाली.

त्या काळात माझ्या एका नातलगाला प्लाझ्मा, म्हणजे करोनातून बऱ्या झालेल्यांच्या रक्तातला द्रव भाग, देण्याचे ठरले. याने फरक पडतो हे कशावरून, असे मी विचारले, तेव्हा ‘रुग्ण वाचायला हवा ना तुम्हाला?’ एवढेच उत्तर मिळाले. डॉक्टर थकलेले होते, त्यांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. परंतु ‘नक्की माहीत नाही, करून बघतो आहोत’ हे वाक्य उच्चारायला वेळ तेवढाच लागला असता. करोनावरचे उपचार पारखणाऱ्या ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ नावाच्या चाचणीत नेमके हेच मान्य करून सुरुवात झाली होती. आपल्याला माहीत नाही, म्हणून कोणाला कोणते औषध द्यायचे हे यादृच्छिक पद्धतीने, चिठ्ठी टाकल्यासारखे, ठरवू आणि काय होते ते मोजू, अशी तिची रीत होती. याच चाचणीने जून २०२० मध्ये दाखवले, की डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. आणि याच चाचणीने जानेवारी २०२१ मध्ये सांगितले, की प्लाझ्माने रुग्णालयात दाखल झालेल्यांचे मृत्यू कमी होत नाहीत.

म्हणजे त्याच व्यवस्थेत विश्वास ठेवण्याजोगे काम चालू होते, फक्त खाटेपाशी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी ते पोहोचत नव्हते. आता मी प्रत्येक उपचाराबद्दल ‘हे कशावरून?’ असे विचारतो. ही काही चांगली स्थिती नव्हे. दम लागलेल्या माणसाने पुरावे तपासत बसावे, अशी अपेक्षाच क्रूर आहे. काही डॉक्टरांना हा प्रश्न अपमानासारखा लागतो. अलीकडे एकांनी मात्र, ‘याचा उपयोग होईलच असे नाही, आठवड्यात फरक दिसला नाही तर थांबवू,’ असे सांगून औषध लिहून दिले. ते मी बिनतक्रार घेतले.